माझ्या बाजूचा आकडा

हॅलो?… विल्मा का? मी पिरोश्काबाई. शाळेतल्या, गणिताच्या… हो, त्याच. जिवंत आहे गं. तू कोरलेल्या दगडावर माझं मरणाचं साल रिकामंच आहे की अजून.

ऐक, मी आत्ता ह्यांच्या थडग्यावरून येतेय… हो, दगड छान आहे. चकाकी छान आहे. तक्रार त्याची नाही. आकड्याची आहे.

…कुठला म्हणजे? नावांखाली कोरायला दिलेला. ह्यांच्या बाजूला त्र्याण्णव लाख त्रेसष्ट हजार पाचशे चौऱ्याऐंशी. तो बरोबर आहे. माझ्या बाजूला चौऱ्याण्णव लाख सदतीस हजार छप्पन हवा होता. तू तिथेही ह्यांचाच कोरलास… मुद्दाम?… सुधारलास? नवराबायकोचा एकच असणार म्हणून? अगं, तो काय घरचा फोन नंबर आहे?

…नाही, लॉटरीचाही नाही.

अगं ऐक ना. ह्यांच्या आकड्याला ज्या ज्या संख्यांनी पूर्ण भाग जातो, त्या सगळ्या मिळव. तो आकडा स्वतः सोडून. बेरीज येते माझा आकडा. आणि माझ्याचं तसंच केलं की येतो ह्यांचा… हो, हो, दोन्हीकडून. वर्गात शिकवलं होतं मी. तू खिडकीबाहेर बघत असशील.

मला मागणी कशी घातली केलेमेननी, ठाऊक आहे? सेगेदला, कॉलेजच्या खानावळीत. एक चिठ्ठी सरकवली, त्यावर हा एवढाच आकडा. मी अख्खा रविवार भागाकार करत बसले, पुढ्यातलं सूप गार झालं. संध्याकाळी माझा आकडा लिहून दिला, तेव्हा कुठे माणूस हसला… होकारच की तो, दुसरं काय?

आणि आता ह्यांच्यातून जो आकडा निघतो, तो त्या दगडावर कुठेच नाही. मग मी ह्यांची कोण लागते, सांग.

…कुणाला कळणार म्हणजे? एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, मेणबत्त्या, शेवंती घेऊन गाव थडग्यांवर लोटेल. ह्यांचे विद्यार्थी येतील. आणि कुणी नाही आलं, तरी खाली झोपलेल्या माणसाला कळतं.

…कोरलेल्या खाचांत लांबी भरून वर रंग? नको. पहिल्या थंडीत गळून पडेल.

…घासून काढायचं? काढ मग… माझं नावही जाईल?… आणि सणाआधी दोन्ही कोरून व्हायचं नाही. एकच काहीतरी.

हं.

विचारतेस काय? आकडा कोर. नाव मी गेल्यावर कोर, सालाबरोबर. तेव्हा मला घाई नसेल… लोक म्हणतील, मास्तरांच्या शेजारी ही बिननावाची कोण? म्हणू देत. ज्याला भागाकार येतो, तो काढील शोधून.

थांब, लिहून घे. आणि मला वाचून दाखव, एकेक अंक… नऊ, चार, तीन, सात… शून्य… पाच, सहा. बरोबर.

आणि विल्मा, या वेळी सुधारू नकोस. ठेवते.