न कापलेला अझेट्टा

—नाही, लाल्ला, ‘माग’ म्हणून भागायचं नाही. तुमची पहिली चूक इथेच होते, आणि ती दुरुस्त केल्याशिवाय मला पुढे बोलता यायचं नाही—मास्तरकीची सवय, क्षमा करा. शब्द आहे अझेट्टा. माग म्हणजे नुसता लाकडी सांगाडा. तो सुताराकडेही मिळतो. अझेट्टा म्हणजे सांगाडा, त्यावर ओढलेला ताणा, विणून झालेलं आणि विणायचं राहिलेलं, हे सगळं मिळून एक. इथले लोक त्याला जिवंत मानतात. ताणा कापला की हातात येतो तो गालिचा, आणि अझेट्टा त्या क्षणी मेलेला असतो—म्हणून कापण्याआधी त्यावर पाणी शिंपडतात, मरणाऱ्याच्या ओठांना लावतात तसं, आणि कलमा म्हणतात. मग घरधन्याला विचारतात, कापू का? तो हो म्हणाला तरच सुरी चालते. आता त्या भिंतीशी उभा आहे त्याला तुम्ही माग म्हणालात, तर तुमच्या रबातच्या रेडिओच्या श्रोत्यांना वाटेल की म्हाताऱ्याने घरात लाकूड साठवलंय. बसा. दार उघडंच राहू द्या, तुम्ही बाईमाणूस, मी एकटा. गल्लीतल्यांना आत काय चाललंय ते दिसलेलं बरं, नाहीतर ते स्वतःच ठरवतात. चहात शीबा घातलाय, थंडीत आम्ही पुदिन्याऐवजी हाच पाला घालतो. कडू लागेल. साखर वाढवू? बरं, नको तर नको.

तर या अझेट्ट्यासमोरची माझी ती चित्रफीत पाहून तुम्ही आलात. सगळे तीच पाहून येतात. म्हणजे, सगळे म्हणजे—तुम्हीच आलात. बाकीचे पाहतात आणि खाली लिहितात. मी फास शहरचा, अरबीचा मास्तर. या डोंगरात बदली झाली आणि इथेच इत्तोशी लग्न झालं, म्हणून राहिलो. मूलबाळ झालं नाही. इत्तो इथली, तिची भाषा तामाझिघ्त; पण माझ्याशी ती अरबीच बोलायची, आणि उत्तम बोलायची—मी कधीमधी क्रियापदाचा शेवट सुधारायचो, तेवढंच. ते काय, कुणीही सुधारेल. तिची भाषा शिकायची मला गरजच पडली नाही, कारण तिने माझी इतकी चांगली शिकून घेतली होती. हे तुम्ही लिहून काय घेताय? हे गोष्टीत येत नाही. गोष्ट तिच्यानंतरची आहे. ती गेली तेव्हा हा अझेट्टा अर्धा झाला होता. दुसऱ्याचा अर्धा अझेट्टा कुणी सहसा हाती घेत नाही. तो तसाच उभा राहिला, आणि मी त्याच्याकडे पाठ करून जेवत असे.

मग शाळेत ती नवी शिक्षिका आली—उस्ताझा इज्जा, तामाझिघ्तचा तास घेणारी. तिच्या डोक्यात एक प्रकल्प. पुस्तकातले धडे पाठ करून भाषा येत नाही म्हणे. मुलींनी एक खरं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं, फोनवर टिपायचं, त्यातल्या प्रत्येक वस्तूचं आणि कृतीचं नाव म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करायचं, आणि त्याचे बोलके धडे तयार करायचे. काम ठरलं विणकामाचं. आता शाळेत फोन न्यायला बंदी, सहकारी संस्थेच्या मागांवर परदेशी मागणीची घाई, आणि बाकी घरांत पुरुषमाणसं, मेंढरं, पाहुणे. रिकामं घर आणि उभा अझेट्टा, दोन्ही एकाच ठिकाणी कुठे? इथे. इत्तोची धाकटी बहीण तूदा—त्या मागच्या भिंतीपलीकडे राहते—ती राहिलेलं विणायला तयार झाली. सख्खी बहीण, तिला त्याचा दोष लागत नाही. तिला अरबी येत नाही. सलाम आणि खुशाली, एवढंच. म्हणजे आमची दोघांची भिंत एक, आणि बोलणं काहीच नाही.

आणि मी? मी चाळणी. हसताय, पण उस्ताझाने हाच शब्द वापरला. तिच्या प्रकल्पाचा नियम असा होता—ज्याला भाषा येत नाही अशा माणसाला त्या धड्यांच्या आधारावर, मध्ये एकही अरबी शब्द न येता, सगळं विणकाम समजलं पाहिजे. समजलं की धडे तयार, प्रकल्प संपला. गावात भाषा न येणारा माणूस कोण? मी एकटा. दर बुधवारी दुपारी मुली यायच्या. उंबऱ्याशी चपलांचा ढीग, तीन फोन आणि त्यांच्यासाठी भांडणारे सगळे हात—“ए, तुझ्या फोनची काच फुटलीय, त्यात सी मुफद्दलांचं नाक वाकडं दिसतं!” “मुळातच वाकडं आहे गं!”—सी मुफद्दल म्हणजे मीच—माझ्यासमोर, अरबीत, मला कळावं म्हणून. मी रागावल्यासारखं करायचो. आणि उरलेल्या दिवसांत ते धडे माझ्या फोनवर यायचे. हद्दा नावाची एक मुलगी, सगळ्यांत दांडगट, वर्गात शेवटची. तिचा आवाज घोगरा. “सी मुफद्दल, ऐका. ही लोकर. ही चाती. ही फणी. परत ऐका.” मी परत ऐकायचो. जेवताना ऐकायचो. या घरात कुणीतरी मला ‘परत ऐका’ म्हणत होतं.

बरं, मी सगळं आयुष्य भाषा शिकवण्यात घालवलं आहे. मला कान आहे. तुम्हीच विचार करा, मला ते धडे किती दिवसांत समजले असतील? समजले. लवकर समजले. वस्तू समजल्या, मग वाक्यं समजली, मग मुली आपसांत काय कुजबुजतात तेही समजू लागलं. आणि मी सांगितलं का? नाही सांगितलं. हा—हा तुमचा रेकॉर्डर बंद करा जरा. केलं? बरं. उस्ताझा म्हणायची, पाणी आणा, मी फणी आणून द्यायचो. मुली पोट धरून हसायच्या. आणि चुका करणं सोपं असतं असं समजू नका, लाल्ला. मी हजारो उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, खरा शिकणारा कुठे अडतो आणि कुठे अडत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून माझ्या चुका अस्सल होत्या. एक शब्द आज यायचा, पुढच्या बुधवारी विसरायचा, तिसऱ्यांदा त्याच्या शेजारचाच आठवायचा. बिचारी उस्ताझा स्वतःच्या पद्धतीत दोष शोधायची. मुली धडे पुन्हा टिपायच्या—अधिक सावकाश, जवळून, हात दाखवून, फणीचा ठोका वेगळा ऐकवून. त्यांचे धडे इतके चांगले का झाले असं सगळे विचारतात. तर म्हातारा मठ्ठ होता म्हणून झाले. एकदा मात्र हद्दा रडली. तिच्या वाट्याचा शब्द मी तीन बुधवार चुकवला होता, आणि तिला वाटलं आपला आवाजच वाईट. मग मी तो चौथ्यांदा बरोबर ओळखला. काय नाचली ती! त्या आनंदासाठी मी आणखी दोन शब्द देऊन टाकणार होतो, आवरलं.

अझेट्टा वर चढत होता. तूदाचा हात भरभर चालायचा. मी तिला म्हणालो—खुणेनं—सावकाश. तिने मान हलवली आणि आणखी भरभर विणू लागली. तिला वाटलं मी घाई करतोय.

एका बुधवारी मुलींनी तिला विचारलं, अर्थात त्यांच्या भाषेत, फोन समोर धरून: तुझी बहीण विणताना काही गायची का? तूदाने विणणं थांबवलं नाही. म्हणाली, “गायची नाही, बोलायची. या घरात ती पाहुणीसारखी बोलत असे—नीट, मोजून, चूक होऊ नये म्हणून. मी आले की माझ्याशी घरच्यासारखी. आणि मी गेले की याच्याशी.” याच्याशी म्हणजे माझ्याशी नव्हे. तिने अझेट्ट्यावर हात ठेवला होता. मुली माझ्याकडे बघू लागल्या, मग उस्ताझाकडे. त्यांना खात्री होती की मला कळलेलं नाही. मी साखरेचा गड्डा फोडत होतो. फोडत राहिलो. काय करणार होतो? तोंडावर काही दाखवलं असतं तर प्रकल्प तिथेच संपला असता. दाखवलं नाही. मी तिला कधी काही बंदी केली नव्हती, लाल्ला. एका शब्दाने नाही. तिने कुठल्याही भाषेत बोलावं. फक्त माझ्याशी बोलताना—जाऊ द्या. चहा घ्या, थंड झाला.

आणि मग झाला पुरा. होणारच. त्या बुधवारी मुलींच्या आयाही आल्या होत्या, कढईभर पिठाच्या तळलेल्या घड्या घेऊन, मधात बुडवलेल्या. तिन्ही फोन चालू. तूदाने पाणी शिंपडलं, कलमा म्हटला, सुरी घेतली आणि माझ्याकडे वळून तिच्या भाषेत विचारलं, कापू का? हा रिवाज आहे, तिला माझ्याकडून उत्तर नको होतं. उस्ताझा मला खुणेनं सांगणारच होती की मान हलवा. एवढंच राहिलं होतं. मान हलवायची, गालिचा खाली उतरायचा, मुली चपला घालणार. हद्दा तेव्हाच फोन पिशवीत टाकायला लागली होती—तिचं टिपून झालं असावं—आणि मी म्हणालो, “उर ता.”

अजून नाही. एवढाच अर्थ. हा शब्द कुठल्याही धड्यात नव्हता. उस्ताझा दर वेळी मुलींना विचारायची, झालं का गं? आणि सगळ्या एका सुरात ओरडायच्या, उर ता! तिथून माझ्या तोंडात बसला होता. बाहेर पडला तो, आणि बाकीचे दोन फोन चालूच होते—तुम्ही पाहिलीत ती चित्रफीत हीच. मग उस्ताझा टाळ्या वाजवू लागली. डोळ्यांत पाणी तिच्या. न शिकवलेला शब्द, योग्य जागी, योग्य माणसाला! याहून मोठा पुरावा काय हवा? आयांनी जीभ नाचवत आनंदाचा गजर केला, मुलींनी मला घेरलं, आणि उस्ताझाने तिथल्या तिथे जाहीर केलं की प्रकल्प यशस्वी झाला, संपला. संपला. मला समजलं की मी काय केलंय, पण तोवर त्या घड्या वाटायला लागल्या होत्या.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एका तूदाने. ती माझ्याकडे बघत होती. कधीपासून कळतंय याला, हे ती मागे मागे मोजत गेली, आणि त्या साखरेच्या बुधवारपाशी येऊन थांबली—मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिने सुरी ठेवली. घरधनी नको म्हणाला की त्या दिवशी कापत नाहीत. त्यानंतर कोणी कापायला आलंही नाही. ती भेटली तर सलाम करते. अरबीत.

मुलींना शहरात बक्षीस मिळालं. यंदाचा प्रकल्प मधाचा आहे, वरच्या वाडीत, मधमाश्यांची पोळी असलेल्या घरी. तिथे त्यांना चाळणी म्हणून कुणी पोस्टमन सापडलाय, कासाब्लांकाचा. त्याला खरंच काही येत नाही, असं ऐकतो. शाळा सुटली की त्या या दारावरूनच जातात. हद्दा ओरडते, “सी उर ता, मध खाणार का?” आणि मी आतून काहीतरी म्हणेपर्यंत पुढे गेलेल्या असतात, बोलायला वेळ कुठे असतो त्या वयात. मी आता त्यांच्याहून चांगलं बोलतो, लाल्ला. व्याकरणासकट. कुणाशी, ते विचारू नका.

तुमची शेवटची टॅक्सी मशिदीपासून सुटते, उठा आता. नाही, छायाचित्र नको, अझेट्ट्याचंही नको. पण एक गोष्ट दुरुस्त करून जा, कारण ती चित्रफीत पाहून सगळे तेच लिहितात, आणि तुम्हीही आल्या आल्या तेच म्हणालात—की म्हाताऱ्याला बायकोचा शेवटचा गालिचा सोडवेना, म्हणून तो ‘अजून नाही’ म्हणाला. चूक आहे ते. त्या क्षणी इत्तो माझ्या मनातसुद्धा नव्हती. मी हद्दाच्या पिशवीकडे बघत होतो.