आत्याची खिडकी

तळ्याकाठचा तो जुना बंगला आता तिकीट काढून बघता यायचा. तिकीटवालीसमोर चाकांच्या खुर्चीत एक म्हातारबाबा बसले होते आणि मागे खुर्ची धरून त्यांची धाकटी बहीण.

“आपल्याच घरात तिकीट काढून शिरायचं? हद्द झाली!”

“गप रे दादा, लोक बघतायत.”

“आणि बघायचं काय मी? सगळी मजा गच्चीवर. तळं, बांध, पार पलीकडची बाग. मला कोण नेतंय तिथं?”

“गच्ची राहू दे. आत्याच्या खोलीत जाऊ. ती बुटकी खिडकी आहे ना.”

“ती होय? गवंड्याचं माप चुकलंय तिथं,” तिकीटवाली म्हणाली. “मी रोज सांगते सगळ्यांना.”

“चुकलंय कसलं, बाई!” म्हातारबाबा म्हणाले. “आमच्या आत्याला उठता यायचं नाही. पलंगावरून तळं दिसावं म्हणून आजोबांनी मुद्दाम खाली घेतली ती.”

“बाकी सगळ्या खिडक्या एका रेषेत आणि ही एकटीच खाली,” बहीण म्हणाली. “ पाहुणे हसायचे. आजोबा म्हणायचे, हसू देत.”

तिकीटवालीने दोन तिकिटं फाडली, पण हातातच धरून ठेवली.

“आत्याला तिथून काय दिसत असेल गं? आपण तर कायम गच्चीवर.”

“आज तू बघ, दादा. आणि मला सांग.”