सर्वांत लहान नैसर्गिक संख्या

भगवान : वहिनी, हळू बोला. दीप्ती जवळ आहे का?

शेवंती : नाही, आत वेणी घालतेय. काय झालं, भाऊ? आवाज असा का येतोय तुमचा?

भगवान : कांता गेली.

शेवंती : काय बोलताय!

भगवान : साडेनऊला. डॉक्टर आत्ताच सांगून गेले. वहिनी, रडू नका. आधी दारापासून लांब जा.

शेवंती : अहो, काल तर बरं वाटतंय म्हणालात...

भगवान : काल दीप्तीला ऐकू जावं म्हणून म्हणालो. माझं ऐका. अकराला तिचा गणिताचा पेपर आहे, नववीचा शेवटचा. तोवर तिला काही कळू द्यायचं नाही.

शेवंती : आई आहे हो तिची! उद्या आपल्याला बोल लावेल ती.

भगवान : लावू दे. इथे दवाखान्यात अजून कागद व्हायचेत, गाडी मिळायचीय. डोंबिवलीहून कल्याणला येऊन ती तरी काय करणार? माझ्याशेजारी बाकड्यावर बसणार. पेपर एकला सुटेल, तोवर मी कांताला घरी आणतो.

शेवंती : मला नाही जमणार तोंड लपवायला.

भगवान : भाजी चिरत बसा. खाली बघा. द्या तिला फोन.

शेवंती : दीप्ती, ये गं. पप्पांचा फोन.

दीप्ती : पप्पा, आई कशीय?

भगवान : बरी आहे. झोपलीय.

दीप्ती : तोंडातली नळी काढली?

भगवान : हां... सकाळी काढली.

दीप्ती : मग बोलली? काय बोलली?

भगवान : बोलली ना. म्हणाली, दीपूला सांगा, पेपर नीट लिही. घाबरू नको.

दीप्ती : अजून?

भगवान : अजून... म्हणाली, नैसर्गिक संख्या शून्यापासून सुरू होतात, तेवढं विसरू नको म्हणावं.

दीप्ती : आई असं म्हणाली?

भगवान : हो. अगदी असंच.

दीप्ती : बरं.

भगवान : दही खाऊन जा.

दीप्ती : ठेवते, पप्पा.

(दोन महिन्यांनंतर. जूनमधली एक सकाळ, डोंबिवलीतलं त्यांचं घर. दीप्ती आतल्या खोलीत, आतून कडी. भगवान दाराबाहेर.)

भगवान : दीपू, साडेनऊ झाले. बाराला पेपर आहे.

दीप्ती : मी जात नाहीये.

भगवान : कडी काढ आधी.

दीप्ती : नाही.

भगवान : अगं, फेरपरीक्षा परत परत घेत नाहीत. आज नाही बसलीस तर परत नववीच.

दीप्ती : बसवू दे परत.

भगवान : आणि तुळसा आत्याला काय सांगू? ती टपलेलीच आहे. काल पुन्हा फोन आलेला. म्हणते, तुझी सेकंड शिफ्ट, रात्री अकराला येतोस, वयात आलेली पोर घरात एकटी. नाहीतरी शाळेत नापास झालीय, शहाडला माझ्याकडे पाठव, शिवणाच्या क्लासला घालते. तू पास झालीस तर मला तोंड आहे. सांगता येईल की पोरगी शिकतेय, कुठे जाणार नाही. नाहीतर काय बोलू मी?

दीप्ती : पाठवा मग शहाडला. इथे तरी काय आहे? खिडकी उघडली की तुमच्या कंपनीचा वास. दार उघडलं की समोरच्या दारात शेवंतीकाकी डोळे पुसत उभी.

भगवान : असं बोलतात का? सव्वा महिना दोन्ही वेळचं जेवण दिलं त्या माउलीने.

दीप्ती : मी कुठे नाही म्हणतेय?

भगवान : दीपू, मी शाळेत जाऊन आलोय. बाईंनी तुझा पेपर दाखवला. तुला बोललो नाही. दोन तास बसून एकाच प्रश्नाचं उत्तर लिहिलंस. एकाच! आणि तेही चूक.

दीप्ती : कोणता प्रश्न?

भगवान : तूच लिहिलंयस, मला काय विचारतेस? सर्वांत लहान नैसर्गिक संख्या कोणती. तू शून्यावर खूण करून आलीस. बाई म्हणाल्या, हे सहावीतलं पोर पण सांगेल, एक म्हणून. मला खाली बघावं लागलं.

दीप्ती : पण आईनेच सांगितलेलं ना?

भगवान : काय?

दीप्ती : नैसर्गिक संख्या शून्यापासून सुरू होतात. तुम्ही फोनवर म्हणालात. आईचा निरोप.

भगवान : दीपू, आधी दार उघड.

दीप्ती : आधी ऐका.

भगवान : बोल.

दीप्ती : आई भाकऱ्या थापताना रोज विचारायची मला. पहिली भाकरी कितवी? एक. तव्यावर काहीच नसेल तर भाकऱ्या मोजायला सुरुवात करतेस का? नाही. म्हणून मोजायच्या त्या नैसर्गिक, एकपासून. शून्य घेतलं की पूर्ण संख्या. एकदा चुकले तर पिठाच्या हातानेच नाक पिरगळलेलं माझं. ती असं म्हणणारच नाही, पप्पा. तापात बरळली असती तरी म्हणाली नसती.

भगवान : म्हणजे तुला तेव्हाच...

दीप्ती : फोन ठेवायच्या आधीच.

भगवान : मग पेपरला गेलीस कशाला?

दीप्ती : काय करणार होते? काकी मान खाली घालून भेंडी चिरत होती. अर्धा किलो भेंडीचा पार चुरा केलेला तिने. मी विचारलं असतं तर तिथेच पडली असती. आणि तुम्ही एवढं ठरवून बोलत होतात. मी गेले गुपचूप.

भगवान : अरे देवा.

दीप्ती : पेपर हातात आला तर पहिलाच प्रश्न तो. खाली चार पर्याय. एकवर खूण केली की आई काही बोललीच नाही असं होत होतं. मी शून्यावर केली. मग पुढचं काही दिसेना.

भगवान : आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो, पोरीचं अभ्यासात लक्ष नाही.

दीप्ती : ते जाऊ द्या. आईच्या जलदानाच्या विधीला सगळे जमले, तेव्हा पण तुम्ही तोच निरोप सांगितलात. कांता जाताना पोरीच्या अभ्यासाचं बोलत गेली. सगळ्या बायका रडल्या. मी तिथेच बसलेले, पुढे. तेव्हापासून कुणी भेटलं की म्हणतं, बाळा, आईची शेवटची इच्छा आहे, शिक. मला पुस्तक उघडलं की तेच ऐकू येतं.

भगवान : मला वाटलं, तुला आधार होईल.

दीप्ती : खरं काय म्हणाली ते सांगा.

भगवान : काही नाही.

दीप्ती : काहीच नाही?

भगवान : नळी होती ना तोंडात. शेवटचे दोन दिवस तर डोळेही उघडले नाहीत. नळी काढली ती... नंतर काढली.

दीप्ती : तुम्ही जवळ होतात?

भगवान : नव्हतो. खाली चहा प्यायला गेलेलो.

दीप्ती : किती वेळ?

भगवान : दहा मिनिटं. वर आलो तर पडदा ओढलेला. हे मी कुणालाच बोललेलो नाही. तू विचारलंस काय बोलली, आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. म्हणून बनवलं. गणितातलं एवढं एक वाक्य मला येत होतं, ते पण चूक निघालं.

दीप्ती : शून्यापासून असं कुणी सांगितलं तुम्हाला?

भगवान : कुणी सांगायला कशाला पाहिजे? कंपनीत सगळे मीटर शून्यापासूनच सुरू होतात.

दीप्ती : सगळे?

भगवान : ब्राइनचा सोडून. खारं पाणी असतं ते, रिॲक्टर गार करायला फिरवतो. त्याचा काटा शून्याच्या खाली जातो. उणे पंधराला ठेवावं लागतं, लॉगबुकात दर तासाला लिहितो मी.

दीप्ती : मग पूर्णांक संख्या येतात तुम्हाला.

भगवान : त्यांना पूर्णांक म्हणतात होय?

दीप्ती : उण्या, शून्य, आणि मोजायच्या, सगळ्या मिळून.

भगवान : आणि प्रेशर अडीच लिहितो, ते कशात जाणार?

दीप्ती : परिमेय. पाच छेद दोन करून दाखवता येतं ना, म्हणून.

भगवान : बघ. सगळं येतंय तुला. बस ना पेपरला. आईसाठी नको, तिचं नाव मी पुन्हा काढणार नाही. मला तू इथे हवी आहेस. रात्री घरी आल्यावर कुलूप उघडून आत यायला नको वाटतं मला, दीपू.

दीप्ती : हे आधी सांगायचं ना.

भगवान : आता सांगतोय.

दीप्ती : पप्पा, कडी निघत नाहीये.

भगवान : जोर लावू नको. पावसाने दार फुगलंय. मी इकडून रेटतो, तू वर उचल आणि ओढ. हां... अजून. आली?

दीप्ती : आली.

भगवान : केवढे डोळे सुजवलेस.

दीप्ती : तुमचे बघा आधी आरशात.

भगवान : बरं, तोंड धू. दहा वाजत आले. मी शाळेपर्यंत येतो सोडायला, शिफ्ट तीनला आहे. तासभर आहे आपल्याकडे. काय काय व्हायचंय अजून?

दीप्ती : अपरिमेय संख्या. वर्गमूळ दोन, वर्गमूळ तीन, त्या. सहा मार्कांना येतात.

भगवान : पुस्तकात दिलं असेल की.

दीप्ती : तीनदा वाचलं. नाही कळलं.

भगवान : शेवंती वहिनींच्या प्रफुल्लला बोलावू?

दीप्ती : तो कामावर गेला असेल.

भगवान : मग मला वाचून दाखव. दोघं बघू.

दीप्ती : तुम्हाला नाही कळणार, पप्पा.

भगवान : नाही कळलं तर नाही. आईने किती घेतलेलं?

दीप्ती : परिमेयपर्यंत. पुढचं दवाखान्यातून आल्यावर घेऊ म्हणालेली. तेवढं राहिलंय.