अजून जरा डावीकडे

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्हाला डावं-उजवं कळत नाही! कोण म्हणतं? अहो, सगळेच म्हणतात. घरी येणारा प्रत्येक जण मागच्या अंगणात डोकावतो आणि विचारतो, काका, एवढी जागा मोकळी पडलीय, मग झाड त्या कोपऱ्यात सांडपाण्याच्या पाइपाला खेटून का लावलंत? तुम्हीही आत्ता तेच विचारणार होतात, तोंडावर दिसतंय तुमच्या. बसा, चहा घ्या, सांगतो.

तुम्हाला सांगतो, मला झाडाबिडाची हौस कधीच नव्हती. हौस आमच्या हिला, आणि तीसुद्धा लागली कुठे, तर दवाखान्यात! लोक दवाखान्यातून औषधं घेऊन येतात, ही झाडाचं वेड घेऊन आली. तिच्या खाटेवरून गाड्या लावायची जागा दिसायची आणि तिथे होतं एक बॉटलब्रश. बाटल्या धुवायचा ब्रश असतो ना, अगदी तसलीच फुलं, लालभडक, खाली लोंबणारी. मी म्हटलं, अगं, गुलाब लाव, मोगरा लाव, ब्रश कसले लावतेस? तर म्हणाली, मला घरी नेणार असाल तर हे झाड अंगणात पाहिजे. आता घरी नेणार असाल तर, असं म्हटल्यावर माणसानं बोलायचं काय?

गेलो नर्सरीत. रोपवाल्यानं हातभर उंचीची काडी पुढे केली. म्हटलं, अहो, मोठं द्या, फुलांनी लगडलेलं द्या, आजच्या आज लावतो. तो आपला थंडपणे म्हणतो, "साहेब, मोठं झाड उपटून नेलेलं सोसत नाही. हेच न्या. फुलं येतील तिसऱ्या वर्षी." तिसऱ्या वर्षी! तिकडे डॉक्टर महिन्यांत बोलत होते आणि हा गृहस्थ वर्षांत बोलतोय... हिला घरी आणलं, तर आल्या आल्या हिनं झाडाचं विचारलंच. मला खोटं बोलता येत नाही हो, कान लाल होतात माझे, सांगून टाकलं. हो का, म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. मला वाटलं, झालं, आता झाड नको म्हणेल. कसलं काय! सकाळी उठल्या उठल्या हुकूम, चला, खड्डा खणा.

आता खाट खिडकीला लावलेली. माझा विचार अगदी सरळ, खिडकीच्या बरोब्बर समोर खड्डा खणायचा. फुलं नाही तर नाही, पानं तरी दिसतील तिला, एखादं नवीन पान फुटेल, ते मोठं होताना बघायला म्हणून तरी ती अजून थोडे दिवस... जाऊ दे. हिचा आवाज तेव्हा पार खोल गेलेला, म्हणून निरोप द्यायचं काम मेहुणीकडे. आणि मेहुणीचा आवाज कसा, तर लाउडस्पीकरनं मान खाली घालावी असा. "भाऊजी, ताई म्हणतेय, जरा डावीकडे!" सरकलो. "अहो, तुमच्या डावीकडे नाही, ताईच्या डावीकडे!" मी घराकडे तोंड करून उभा, म्हणजे माझं डावं ते तिचं उजवं... लग्न झाल्यापासून हाच घोळ आहे आमच्यात! बरं, खणला खड्डा. "ताई म्हणतेय, अजून जरा डावीकडे!" बुजवला. दुसरा खणला. "अजून जरा डावीकडे!" शेजारचे मास्तर भिंतीवरून मान काढून विचारतात, काय हो, काही पुरलं होतं का, सापडत नाहीये? घामानं निथळतोय मी, आणि यांना विनोद सुचतायत.

मधेच मेहुणी गायब. बघतो तर स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी, एक डोळा मिटून माझ्याकडे बघतेय. म्हटलं, चला, निदान चहा तरी टाकायला गेली. छे! परत खाटेपाशी गेली, बहिणीच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा तेच पालुपद, अजून जरा डावीकडे. चहा काही आला नाही.

सरकत सरकत शेवटी मी पाइपापाशी. मान वळवून बघतो तर खाट दिसेना, खाटेवरची ही दिसेना, समोर नुसती भिंत! टाकली कुदळ आणि चिखलाच्या पायांनी तसाच आत गेलो. म्हटलं, अगं, तिथून तुला काही दिसायचं नाही, एक पानसुद्धा दिसायचं नाही.

"तिथेच लावा," म्हणाली. "आता हलवू नका."

आणि हसली. त्या हसण्यापुढे मी आजवर कधी जिंकलोय? लावलं. आळं केलं, पाणी घातलं, काठीला बांधलं. मनात म्हटलं, आजारपणात माणसाचा अंदाज चुकतो, आपण समजून घ्यावं.

झाडानं चार नवी पानं धरली नाहीत तोवर ही गेली.

मेहुणी राहिली काही दिवस, पण तिलाही तिचं घर आहे. ती गेली त्या संध्याकाळी सिंकमध्ये हा ढीग भांड्यांचा. मी जन्मात कधी भांडं घासलेलं नाही हो, पाणी प्यायलो तिथेच पेला ठेवणारा माणूस मी! बाह्या सारल्या, नळ सोडला, घासणी हातात घेतली, स्वतःच्याच नशिबाला चार शब्द सुनावावेत म्हणून मान वर केली... तर समोर खिडकी. आणि खिडकीच्या अगदी मधोमध, काठीला बांधलेलं, ते झाड.

इतकी वर्षं ही तिथे उभी राहायची. तिथून काय दिसतं ते तिला पाठ होतं, एक पाइप आणि मास्तरांची भिंत. आणि यापुढे तिथे कोण उभं राहणार, हेही तिला पुरतं ठाऊक होतं. मी तिच्यासाठी खणत होतो आणि ती पडल्या पडल्या माझी सोय लावत होती, अजून जरा डावीकडे, अजून जरा डावीकडे... नळ तसाच वाहत राहिला. खूप रडलो मी. डोळ्यांत साबण गेला असं सांगायची सोय होती, पण सांगणार कुणाला?

आता हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठे ऐकवत बसू? म्हणून आपलं म्हणतो, हो बाबा, नाही कळत मला डावं-उजवं. फुलांना अजून अवकाश आहे. परवा लेकीचा फोन, बाबा, भांडी घासायचं मशीन पाठवते. म्हटलं, नको गं, ठेवायला जागा नाही. तर म्हणते, मग एकट्या माणसाची भांडी घासायला तुम्हाला इतका वेळ का लागतो? फोन केला की आपले भांड्यांपाशीच! एक ताट, एक वाटी, एक पेला... खरंय तिचं. पण लागतो वेळ, काय करता!

झाला तुमचा चहा? द्या, कप इकडे द्या.