आईला दोन दोन दिसायचं

नाही हो भाऊ, जुना माल घेणारे असलात म्हणून असं नाक मुरडू नका — दोन ग्राफिक्स कार्डं आहेत या कॉम्प्युटरात. त्या काळी एकच कार्ड असलेला माणूस आमच्याकडे आला की मान खाली घालून बसायचा. दोन कशाला? गेम दुप्पट वेगानं पळणार म्हणून. पळाले का? छे. अर्ध्या गेमना दुसरं कार्ड आहे हेच कळायचं नाही — घरजावयासारखं नुसतं बसून वीज खायचं आणि तापायचं. पण बाजूला काच, आत निळा दिवा — येणारा-जाणारा बघायचा ना. आता कुणी फुकट नेत नाही, ते सोडा.

या खोलीत का? ही आईची खोली. बाहेर ठेवलं की पंख्यांच्या घरघरीनं बायकोचं डोकं उठायचं, आईला काय, ऐकू कमीच. पण म्हातारी हट्टी. म्हणायची, उशाशी कुणीतरी चूल पेटवलीय, खिडकी उघड — आणि उघडली तर धूळ नाही का जाणार या कॉम्प्युटरात? आम्ही म्हटलं, झालं, हिच्या म्हातारचळाची सुरुवात झाली.

खरी मजा पुढंच. हा टीव्ही — थ्रीडी, बाहेर होता, तुम्हाला दाखवायला इथं आणलाय. चष्मे दोनच आले, एक मला, एक बायकोला. आई मागं खुर्चीत. तिला तिसरा कशाला, ती बघून बघून बघणार काय? मी सगळंच थ्रीडीत लावायचो, बातम्यासुद्धा — घेतलाय तर वापरायला नको? तर ही म्हणायची, बातम्या देणाऱ्या बाईला दोन नाकं आहेत. पोट धरून हसायचो आम्ही. पाहुणे आले की मुद्दाम विचारायचो, आई, नाकं किती? पुढं पुढं बोलेनाशीच झाली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, नाही असं नाही. डोळे ठणठणीत. मग डोळ्यांत नाही तर कुठं — डोक्यात, दुसरं काय? वृद्धाश्रमातल्या बाईंना मीच सांगितलं, हिला उशाशी चूल भासते, माणसाला दोन नाकं दिसतात. ठेवून घेतलं त्यांनी. परवा फोनवर म्हणतात, तुमच्या आई इथं सगळ्यांना सुईत दोरा ओवून देतात. मी म्हटलं, नाटकं आहेत.

टीव्ही लावून बघताय? बघा की, चालू आहे. हा घ्या चष्मा — नको? बरं, तसंच बघा. काय म्हणालात? दोन दोन दिसतंय?

थांबा. सरका जरा.

मी कधी चष्मा काढून बघितलंच नव्हतं हो — काढायचं कारणच काय? आणि तिकडं कॉम्प्युटरवर हात टेकू नका, तापलाय तो, तुम्हाला दाखवायचा म्हणून सकाळपासून चालू ठेवलाय.

असे बघू नका माझ्याकडे. परत आणू? कुठं? या खोलीत आता सिनेमाचा भिंतभर पडदा लागायचाय, उद्या माणूस येतोय. आणि आणून सांगू काय — आई, तुझं बरोबर होतं? मग ती रोज समोर बसणार, एक शब्द न बोलता. मला नाही झेपायचं ते. तिथं तिला नीट दिसतंय ना, मग झालं. तुम्ही माल न्यायला आलात ना? बंद करा तो टीव्ही आधी. हं, धरा पलीकडून.