छायाचे निम्मे नियम

अंबडच्या बसथांब्यावर बाकावर बसची वाट पाहत बसलेल्या सगुणाबाईंशेजारी ललित आणि त्याच्या हाताखालची तेजस्विनी बोलत उभे होते.

"सर, कमांड देऊन दोन्ही टूल्स चालवली. वेबसाइटच्या रंगरूपाचा कोड तपासणारं आपलं जुनं टूल म्हणतं, छायाताईंच्या कोडमधले निम्मे नियम वापरातच नाहीत."

"ती आपल्याकडे होती तेव्हाही तेच म्हणालं होतं."

"नवं म्हणतं, आहेत. बटण दाबलं की अक्षरं मोठी होतात, त्यासाठी. जुनं टूल बटण दाबून बघतच नाही."

"आणि मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो, कचरा लिहितेस. दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडली तिने."

"फोन लावा ना, सर."

त्याने लावला. "छाया, चूक माझी होती गं. परत येतेस? ...बरं."

सगुणाबाईंनी पिशवी मांडीवर घेऊन त्याला बसायला जागा केली.

"काय म्हणाल्या?" तेजस्विनीने विचारलं.

"विंचूरला कांद्याच्या आडतीवर असते आता. येणार नाही म्हणाली."

"रागावल्या?"

"नाही गं. जेवलात का, विचारलं."