क्लिफर्ड ट्रँटर यांनी गाडीला हीटर बसवला, त्याबद्दल

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या जुन्या स्पोर्ट्स कार क्लबच्या खंद्या कारभारीण श्रीमती पॉलीन लडगेट, हे सभागृह आपल्याला देणारे आणि बाहेरच्या फरशीवर गळलेल्या तेलाबद्दल अजून चकार शब्द न काढलेले रेव्हरंड हॅडो, सत्कारमूर्ती श्री. क्लिफर्ड ट्रँटर, सत्काराला त्यांच्याहून अधिक पात्र असलेल्या बेरिलबाई ट्रँटर, आणि भाषण लांबलं तर सटकता यावं म्हणून चहाचे कप घेऊन दाराशीच उभ्या राहिलेल्या बंधुभगिनींनो,

मी रॉजर पेनफोल्ड, क्लबचा उपाध्यक्ष. निरोपाचं भाषण मलाच का दिलं, असं मी पॉलीनला विचारलं. ती म्हणाली, "क्लिफर्डनं सगळ्यात जास्त गुण तुझे कापलेत. तू मनापासून बोलशील." बोलतो.

आपल्या वार्षिक स्पर्धेचा नियम लहान पोरालाही पाठ आहे. गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी. जरा काही बदललं की गुण गेले. आणि ते कापायला, हातात पेन्सिल आणि काळजाच्या जागी दगड घेऊन, मुख्य परीक्षक क्लिफर्ड ट्रँटर. एका वर्षी मी माझ्या गाडीला नवा रंग दिला. अख्खा हिवाळा घासत होतो. आरसा झाला होता हो! क्लिफर्ड आला, वाकला, चष्मा पुसला आणि पाच गुण कापले. मी म्हटलं, "अरे, यात खोट काय काढलीस?" म्हणाला, "खोट नाही, तीच तर खोट आहे. कारखान्यात इतका चांगला रंग कोण देत होतं?" पुढच्या वर्षी मी दाराखाली मुद्दाम रंगाचे ओघळ सोडले. तर म्हणाला, "ओघळ बरे आहेत, पण डाव्या दाराखाली हवेत." अशा माणसाला आपण इतकी वर्षं सँडविच खायला घातलं, याबद्दल या क्लबचाही कधीतरी सत्कार व्हायला हवा.

स्वतःला तरी त्यानं सूट दिली का? छे! त्याची ती लाल दोन-आसनी गाडी अठ्ठावन्न सालची. जुलैत उकळायची, जानेवारीत गारठायची, आणि पाऊस बाहेर थांबला तरी आत चालू राहायचा. हीटर नाही, सीटचे पट्टे नाहीत. ब्रेक होते, पण ते मनाचे राजे. एकदा बेरिलबाईंना शेजारी बसवून हे लाँग मिंडचा डोंगर उतरत होते. उतार लांबला, ब्रेक तापले, पेडल जमिनीला टेकलं आणि गाडी काटेरी कुंपणात घुसून दोन मेंढ्यांच्या मधोमध थांबली. बेरिलबाई उतरल्या, केसांतले काटे काढले आणि म्हणाल्या, "या गाडीला ब्रेक लागतील तेव्हा मला बोलाव."

हा म्हणतो, "ब्रेक आहेत की. कारखान्यानं दिलेत तेच आहेत."

"मग कारखान्यालाच शेजारी बसवून फिर," असं म्हणून त्या बसनं घरी गेल्या.

तेव्हापासून आपण दर मेळाव्याला काय पाहत आलो? पुढे लाल गाडीत क्लिफर्ड, ओलाचिंब, शेजारच्या सीटवर बायकोऐवजी जेवणाची टोपली. आणि मागे आपल्या छोट्या, उबदार, मुळीच देखण्या नसलेल्या गाडीत बेरिलबाई. त्यांच्या डिकीत त्याचा कोरडा कोट, पाण्याचा कॅन आणि फॅनचा जादा पट्टा. आपण हसायचो. मीही हसायचो. नवरा रुसला नाही, बायको वाकली नाही, आणि वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात बेरिलबाईंचा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे गाडी चालवायची नाही. मार्चच्या मेळाव्याला क्लिफर्ड एकटाच निघाला. आम्ही वाट पाहतोय, हा येईना. संध्याकाळी माझ्या गॅरेजच्या दारात उभा. मला वाटलं, गाडी बंद पडली. तसं नव्हतं. गाडी ठणठणीत होती. अर्ध्या वाटेवरून हा परत फिरला होता.

"आरशात बघत होतो," म्हणाला. "मागे कुणीच नव्हतं, रॉजर."

आपल्याकडे अशा वेळी चहा ठेवतात, तो ठेवला. कप खाली ठेवून तो म्हणाला, "तुझ्याकडे पुढच्या चाकांचे ते डिस्क ब्रेक पडलेत ना?"

"क्लिफर्ड, ते मूळचे नाहीत."

"नियम मी लिहिलाय. मला शिकवू नकोस. पाना दे."

आम्ही दोघांनी ब्रेक बदलले, इंजिन थंड ठेवायला विजेवरचा पंखा लावला, सीटचे पट्टे बसवले. हीटरसाठी पुढच्या पत्र्याला भोक पाडायची वेळ आली, तेव्हा मात्र ड्रिल माझ्या हातात देऊन हा बाहेर गेला आणि कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला. मंडळी, त्या भोकानं त्याचं पद गेलं. परीक्षकाची स्वतःची गाडी कारखान्यातून निघाली तशीच असली पाहिजे, हाही नियम त्याचाच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पॉलीनला फोन करून, यंदाची स्पर्धा झाली की पद सोडतो, असा राजीनामा दिला. आजचा समारंभ त्यामुळेच आहे. वयाबियाचं काही नाही, तो अजून आपल्या सगळ्यांना पुरून उरेल.

गेल्या रविवारी त्याच्या हातची शेवटची परीक्षा झाली आणि शेवटची गाडी त्याची स्वतःचीच होती. सगळ्यांसमोर उभा राहून मोठ्यानं कापत गेला. ब्रेक, दहा गेले. पंखा, पाच गेले. हीटर, दहा. कुणी हसत नव्हतं. तेवढ्यात बेरिलबाई काठी टेकत आल्या. रेव्हरंडांनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. ती सीट किती खाली असते ते तुम्हाला माहीत आहे. बसल्या, पट्टा लावला आणि म्हणाल्या, "गुडघाही मूळचा नाही, क्लिफर्ड. काप गुण."

याआधी क्लिफर्डनं चुकीचा स्क्रूसुद्धा कधी सोडला नव्हता. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, पेन्सिल खिशात टाकली आणि विचारलं, "हीटर लावू का गं?"

अध्यक्षांचे, रेव्हरंडांचे आणि चहा करणाऱ्या भगिनींचे आभार. माझ्या बोलण्यात बरंच कमीजास्त झालं असेल. रविवारी तो वागला तसंच आपणही आज वागावं, पेन्सिली खिशात ठेवाव्यात, एवढीच विनंती. क्लिफर्ड, बेरिलबाई, सावकाश जा.